हिनकलला गेलेला विठ्ठल

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या आठवणी मी सहसा काढत नाही; बायकोला जेवताना असले विषय चालत नाहीत. ही हकिकत मात्र मी पंगतीतसुद्धा सांगतो. नावे कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, आणि त्यांतले कुणी रागावेल असे मला वाटत नाही.

माझे घर निपाणीकडचे. घरात मराठी, शाळेत कानडी, त्यामुळे खात्यात मी दोन्हीकडचा समजला जाई. म्हैसूरला निरीक्षक म्हणून बदली झाली तेव्हा ठाण्याच्या हद्दीत शिंप्यांची एक जुनी गल्ली होती. कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली मराठी माणसे, सगळी विठ्ठलाची भक्त. अधूनमधून दोन-चार घरे रंगाऱ्यांची. कापड रंगवण्याचा धंदा केव्हाच बंद पडला होता, पण ज्या विहिरीच्या पाण्यावर तो चालायचा ती विहीर अजून नांदती होती. या लोकांची मराठी ऐकायला मला फार आवडे. एका वाक्यात ते मराठीतून निघायचे आणि कानडीत उतरायचे, आणि वाटेत आपण कुठे बदललो हे त्यांना ठाऊकही नसायचे.

याच गल्लीतल्या एका शिंप्याच्या मुलाने तयार कपड्यांचा कारखाना काढला आणि भरपूर पैसा मिळवला. त्याला मी मालक म्हणतो. मिळालेल्या पैशातून दुसऱ्या कुणी शहराबाहेर बंगला बांधला असता. याने हट्टाने गल्लीतच बांधायचे ठरवले. वडिलांच्या घराशेजारची घरे एकेक करून विकत घेतली आणि त्या सगळ्यांच्या जागेवर असे घर उभे केले की गल्लीत नवा आलेला माणूस त्याला मंगल कार्यालय समजून आत शिरायचा.

पोलिसाला हद्दीतल्या अशा घराची नोंद मनात ठेवावीच लागते. दोन वर्षे ते बांधकाम मी रोज पाहिले. सरगूरकडचे गवंडी आणि सुतार तिथे कामाला होते, त्यांच्यामुळे कोपऱ्यावरचा चहावाला टपरी सोडून दुकानात गेला. गल्लीतल्या शिंप्यांनी त्या घराचे पडदे शिवले. इतके पडदे की एका घरात दिवाळीपर्यंत दुसरे काम घ्यावे लागले नाही. ज्यांनी घरे विकली त्यांना आयुष्यात पाहिली नव्हती एवढी रक्कम मिळाली, आणि ती मंडळी हुणसूर रस्त्यावर हिनकलला नवी सिमेंटची घरे घेऊन गेली. हे सगळे चांगलेच झाले. पण जागेचे भाव चढले तसे उरलेले घरमालकही हिशेब करू लागले आणि भाडेकरूंची झोप उडाली. समोरच्या ओळीत सकाळचे ऊन येईनासे झाले, त्यामुळे बायका पापड घेऊन उन्हाच्या शोधात फिरू लागल्या. गल्लीत मालट्रक अडकला की भांडण सोडवायला आमचा शिपाई जायचा. त्या घराने गल्लीला काय दिले आणि काय घेतले, असे कुणी विचारले असते तर मला पटकन उत्तर देता आले नसते.

दोन गोष्टी मात्र खरोखर अडचणीच्या झाल्या. गल्लीची भजनाची खोली विकत घेतलेल्या जागेत गेली होती. मालकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने घरात संगमरवरी देवघर बांधले, भजनाच्या खोलीतली विठ्ठलाची मूर्ती तिथे ठेवली आणि देव सर्वांचाच आहे, केव्हाही या, असे सांगितले. पण फाटकावर रखवालदार होता, भिंतीत बोलायचे यंत्र होते, आणि आत जायचे तर कुणाला भेटायचे ते त्यात सांगावे लागे. बायका तिथे उभ्या राहून "विठ्ठलाला" असे सांगायच्या आणि रखवालदार साहेबांच्या कुटुंबात या नावाचे कोण आहे ते आत विचारायचा. हळूहळू बायका जायच्या थांबल्या; एकादशीला देवघर पुसायला एखादी जायची तेवढीच.

दुसरी गोष्ट विहिरीची. ती घराच्या मागच्या पट्ट्यात आली होती; जायचे तर फाटकातूनच, पण विहिरीवर येणाऱ्यांना रखवालदार अजून सोडायचा. बंगळुरूच्या इंजिनियरने तिथे गाड्या ठेवायची जागा आखली आणि वास्तू सांगणाऱ्याने त्या कोपऱ्यात विहीर वाईट असे सांगितले, म्हणजे दोघांचे एकमत झाले. वास्तुशांतीच्या आधी विहीर बुजवायची ठरली. गल्लीत नळ होते, पाण्यावाचून कुणी तडफडणार नव्हते. तरी सगळ्या बायका मिळून ठाण्यात आल्या. पुढे होती ब्लाउज शिवणारी एक साठीची बाई, जिला गल्लीतली लहानथोर सगळी माणसे अक्का म्हणत. मी तिला समजावले की जागा त्याची आहे, विहीर त्याची आहे, हा पोलिसांचा विषय नाही.

"पाणी नळाचं हाय की, इल्ल म्हणत नाही," अक्का म्हणाली. "पण नळाशी कोण बोलणार, साहेब? सकाळी तिथंच सगळी भेटतो. विहीर बुजली की आमची गल्ली मुगदोयतु."

इल्ल म्हणजे नाही, आणि मुगदोयतु म्हणजे संपली. यावर देण्यासारखे कलम माझ्याकडे नव्हते. मी चहा मागवला आणि त्या चहा न घेता गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, मालकाचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. हा तरुण महाराष्ट्रातून, पुण्याकडून नव्याने आलेला. कामसू, नम्र, इस्त्रीचा शर्ट. तक्रार त्याने छान टाइप करून आणली होती. देवघरातली विठ्ठलाची पुरातन मूर्ती चोरीस गेली असून, खात्रीलायक माहितीनुसार ती हिनकल भागात नेण्यात आल्याचे समजते, असे तीत लिहिले होते. मी विचारले, माहिती कुणी दिली? गल्लीत चर्चा आहे, तो म्हणाला. आम्ही गुन्हा नोंदवला, देवघराचा पंचनामा केला, आणि तपास होईपर्यंत आवारातले सगळे काम बंद ठेवायला सांगितले. राडारोड्याने भरलेला ट्रक विहिरीपासून चार पावलांवर तसाच उभा राहिला.

तपासाची दिशा सोपी वाटत होती. घरे विकून गेलेली कुटुंबे हिनकललाच राहत होती आणि त्यांतला एक वयस्कर शिंपी, भजनात मृदंग वाजवणारा, चारचौघांत बोलून बसला होता की विठ्ठलाला या संगमरवरात करमणार नाही. अशा बोलण्याला आमच्या भाषेत हेतू म्हणतात. मी फौजदाराला घेऊन हिनकलला गेलो.

त्याचे नवे घर नीटनेटके होते. फरशी चकचकीत, स्वयंपाकघरात नळ, वर टाकी. पोलीस पाहून बिचाऱ्याच्या हातातली सुई खाली पडली. घराची झडती झाली, देव्हाऱ्यात फक्त तसबीर निघाली. त्याला मी खुर्चीवर बसवून निवांत विचारले. चौकशीत आवाज चढवणारा अधिकारी निम्मी माहिती गमावतो, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवले होते. तो म्हणाला, घर विकल्याचा पश्चात्ताप नाही, मुलीचे लग्न त्या पैशावर झाले, मालकाने एक पैसा कमी दिला नाही. पण संध्याकाळी काय करायचे ते कळत नाही, म्हणून बस पकडून रोज जुन्या गल्लीत जातो आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून येतो. मूर्तीचे विचारले तर त्याने दोन्ही हात जोडले आणि विठ्ठल चोरायची छाती आपली नाही असे सांगितले. हा माणूस खोटे बोलत नव्हता. खोटे बोलणारा इतका घाबरत नाही, त्याची तयारी झालेली असते.

मग गल्लीतल्या बायकांना विचारले. तिथे तर माझी अक्कलच गहाण पडायची वेळ आली. एकीला विचारले, मूर्ती कुठे आहे? ती म्हणाली, विठ्ठल आपल्या जागी हाय. दुसरीला विचारले, चोरी कुणी केली? ती म्हणाली, विठ्ठलाला कोण चोरणार, अय्यो. तिसरी नुसती हसली. अक्काला विचारले, तेव्हा ती शिलाईयंत्रावरून मान वर न करता म्हणाली की त्याच दिवशी सांगितले, आता पुन्हा काय सांगायचे. मला वाटले विहिरीच्या तक्रारीबद्दल बोलते आहे. फौजदाराला वाटले सगळ्या भक्तीच्या तंद्रीत आहेत. आम्ही पुन्हा हिनकलला गेलो, आणखी दोन घरे पाहिली, आणखी दोन घरचा चहा प्यालो.

मालक रोज ठाण्यात फोन करायचा. त्याच्या आवाजात दमदाटी नव्हती, उलट अपराधी माणसासारखा बोलायचा. मूर्ती त्याच्या छपराखाली असताना गेली, आता गल्लीला तोंड कसे दाखवायचे हा त्याचा घोर होता. वास्तुशांतीची तारीख त्याने पुढे ढकलली. मृदंगवाल्याला अटक करावी का, असे वरून मला विचारले जात होते, आणि माझा त्याला ठाम नकार होता. नकार देत होतो खरा, पण दुसरा माणूस हातात नव्हता.

जेव्हा केस अडते तेव्हा मी पुन्हा पहिल्या कागदाकडे जातो. साक्षीदाराचा जबाब त्याच्याच शब्दांत घ्यावा, असा नियम आहे. त्या तक्रारीत मात्र कुणाचेच शब्द नव्हते. "नेण्यात आल्याचे समजते" हे काय कुणा माणसाचे बोलणे आहे? असे फक्त कागद बोलतो. मी मॅनेजरला बोलावून घेतले आणि सांगितले, तुम्हाला हे जिने किंवा ज्याने सांगितले त्याचे शब्द हवेत, जसेच्या तसे. तो जरा घुटमळला. सांगणाऱ्या बाईला त्रास होऊ नये म्हणून नाव लिहिले नव्हते, म्हणाला. मग आठवून आठवून बोलू लागला.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मूर्ती दिसेना, म्हणून तो गल्लीत दारोदार विचारत फिरत होता. ब्लाउज शिवणाऱ्या आजींनी त्याला हाक मारली आणि सांगितले.

"त्या म्हणाल्या, सुम्मे कशाला फिरतोय रे, विठ्ठल हिनकलात हाय."

"सुम्मे म्हणजे?" मी विचारले.

"त्यांची सून असेल," मॅनेजर म्हणाला. "मला वाटलं, त्या आधी तिच्याशी बोलल्या आणि मग माझ्याशी."

जबाब लिहून घेणारा आमचा रायटर अस्सल म्हैसूरचा. त्याने लेखणी खाली ठेवली आणि तोंडावर रुमाल धरला. सुम्मे म्हणजे उगाच, विनाकारण. अख्ख्या कर्नाटकात दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द. ज्याने सुम्मेची सून केली, त्याने पुढच्या शब्दाचे काय केले असेल, या विचाराने मी खुर्चीत सरळ झालो.

"हिनकलात म्हणाली, की हित्तलात?" मी विचारले.

"तेच ते, साहेब. गावाचं नाव त्या तसं उच्चारतात."

हित्तल म्हणजे परसदार, घराचा मागचा भाग. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तो शब्द ठाऊक असायचे कारण नाही. त्याला हिनकल ठाऊक होते, कारण मालकाने घेतलेल्या घरांची माणसे तिथे गेली होती आणि त्यांच्या सह्या आणायला तोच जायचा. कानाने ओळखीचा शब्द धरला, इतकेच. अक्काने पहिल्याच दिवशी, न विचारता, खरे तेच सांगितले होते, आणि ते सांगणे टाइप होऊन माझ्याकडे येईपर्यंत विठ्ठल शहराबाहेर गेला होता.

आम्ही त्याच सकाळी मागच्या पट्ट्यात गेलो. मालकालाही बोलावले. त्या घराला आता दुसरे परसदार उरलेच नव्हते. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सगळे बांधकाम, आणि मोकळी राहिली होती ती विहिरीची जागा आणि तो राडारोड्याचा ट्रक. विहिरीत वाकून पाहिले. आतल्या कडीला नवा दोर बांधलेला होता आणि तो सरळ पाण्यात गेला होता. पाण्याखाली तांब्याचा हंडा होता आणि हंड्यात, मान पाण्याच्या थोडी खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन, मुद्देमाल उभा होता.

अक्काला बोलवायला शिपाई पाठवला, तर सगळी गल्लीच आली. त्या दिवशी रखवालदाराने कुणालाही काही विचारले नाही, कारण पोलिसांनी फाटक उघडे ठेवले होते. अक्काने काही लपवले नाही. देव नव्या जागी बसवायचा तर आधी पाण्यात ठेवावा लागतो, म्हणाली. बंगळुरूच्या भटजीने ते केले होते, पण प्लास्टिकच्या टबात, टँकरच्या पाण्यात. गल्लीच्या देवाला टब? म्हणून एकादशीला देवघर पुसायला गेली ती रिकामा हंडा घेऊन गेली आणि भरलेला हंडा घेऊन मागे विहिरीवर आली. हंडा घेतलेल्या बाईला कुठलाही रखवालदार अडवत नाही.

"मग मला का नाही सांगितलंस, अक्का?" मालक म्हणाला.

"तुझ्या माणसाला सांगितलं की. तू येशील म्हणून वाट बघितली. तू पोलीस पाठवलास, तेही हिनकलला."

गल्ली हसली. मालकही ओशाळून हसला. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्यासाठी, मला वाटते, हा सगळा खटाटोप झाला होता. आता मूर्ती काढून घेतो, मग विहिरीचे काम करायला हरकत नाही ना? अक्का विहिरीच्या कट्ट्यावर बसली. ज्या पाण्यात देव राहिला ते पाणी बुजवायचे नसते, म्हणाली. असा नियम कुठे आहे, असे मालकाने विचारले. मीही कान टवकारले, कारण आमच्या निपाणीकडे असले काही मी ऐकले नव्हते.

"ह्याच्या आधी नव्हता," अक्का म्हणाली. "आतापासून हाय. तुझी आई ह्याच कट्ट्यावर तुला घालून पाणी ओढायची. रडलास की आम्ही कोणीतरी घ्यायचो. एवढं मोठं घर बांधलंस, बरं केलंस, आम्हाला अभिमान हाय. पण आम्हाला भेटायला जागा ठेव रे."

 मालकाने दोर हातात धरला आणि तो विहिरीत पाहत राहिला. ट्रकवरच्या सरगूरच्या गड्यांनी आधीच डोक्यावरचे टॉवेल काढून हात जोडले होते. त्यांच्याकडून आता त्या विहिरीत एक खडासुद्धा पडणार नव्हता, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता.

कायद्याने केस साधी निघाली. मूर्ती भजनी मंडळाची, सेवा करणारी अक्का, आवारातून वस्तू बाहेर गेलीच नाही, आणि अप्रामाणिक हेतूचे नाव नाही. गैरसमजातून तक्रार, असा अहवाल मी न्यायालयात दिला. मृदंगवाल्याकडे मी स्वतः गेलो आणि तपास संपल्याचे सांगितले. त्याने पुन्हा सुई खाली टाकली, पण या वेळी आनंदाने. मॅनेजरने कानडीची शिकवणी लावली. विहीर राहिली. कंपाउंडच्या भिंतीला गल्लीच्या बाजूने मालकाने एक दार पाडले आणि त्या दारावर बोलायचे यंत्र बसवले नाही. मालकाच्या गाड्या आजही गल्लीच्या तोंडाशी उभ्या असतात आणि त्यावरून कुणाची तरी भांडणे होतच असतात. भाडी काही उतरली नाहीत, ऊन काही परत आले नाही. एका विहिरीने सगळे सुटते असे मी म्हणणार नाही.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक धंद्यातली: माणसाचे बोलणे त्याच्याच तोंडातून ऐकावे, टाइप केलेले ऐकू नये. पुढे कित्येक केसेस मला या एका सवयीने सोडवून दिल्या. दुसरी गोष्ट घरांबद्दलची. मोठी घरे माझ्या हद्दीत पुढे पुष्कळ झाली आणि त्यांच्या तक्रारीही पुष्कळ आल्या, पाण्याच्या, सावलीच्या, गाड्यांच्या. पूर्वी मी अशा वेळी फक्त जागा कुणाची हे बघायचो. त्यानंतर मी तिथे रोज कोण भेटत होते तेही विचारू लागलो. पुष्कळदा भांडण तिथे असायचे, आणि तिथेच मिटायचे. श्रीमंत माणूस दुष्ट असतो असे मला कधी दिसले नाही. तो बहुतेक वेळा भिंतीच्या आत असतो, आणि बाहेर काय गेले हे त्याला ऐकू येत नाही.

त्या दिवसाचे एक सांगायचे मात्र राहिले. सगळ्यांचे बोलून झाले तसा मी रायटरला पंचनाम्याचे कागद काढायला सांगितले. मूर्ती वर काढायची, ताब्यात घ्यायची, सह्या घ्यायच्या आणि मंडळी घरी पाठवायची, असा रीतसर क्रम. तोवर विहिरीभोवती भजन सुरू झाले होते. मालकाची बायको स्वयंपाकघरातून भांडी बाहेर आणत होती, कुणी चूल मांडत होते, कुणाची मुले त्या न संपणाऱ्या व्हरांड्यात पळत होती. या घरात एवढी माणसे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मालक गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला आणि मला बाजूला घेऊन गेला. मला वाटले केस लवकर मिटवा म्हणेल.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हा पंचनामा उद्या केला तर चालेल का? देव वर आला की सगळी आपापल्या घरी जातील."

मी रायटरला कागद आत ठेवायला सांगितले. पुरेसा उजेड नसल्यामुळे पंचनामा उद्यावर ठेवला, असे त्याने माझ्या सांगण्यावरून लिहिले. तेव्हा भर दुपार होती आणि ऊन विहिरीच्या पाण्यावर पडले होते.